सात काचपट्ट्या

शहराच्या पोटात चार-पाच मैलांचं भुयार आहे आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. कधीकाळी मालगाडी जमिनीखालून न्यावी असा कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला आणि खणायला घेतलं. अर्धंअधिक खणून झाल्यावर हुरूप संपला, की साहेब बदलला, काय ते त्यांचं त्यांना माहीत. तोंडाला लोखंडी दारं बसवली, कुलपं ठोकली आणि सगळे आपापल्या घरी गेले. खणणारे गेले, गोष्टी राहिल्या. गोष्टींना कुठं कुलूप लागतं!

कुणी म्हणे, आत अख्खं इंजिन उभं आहे, कोळशासकट. कुणी म्हणे, एका दारातून शिरलेलं काळं मांजर दुसऱ्या दारातून पांढरं होऊन निघालं. पण सगळ्यात चिवट अफवा राहिलेल्या पाळीची. दारं बंद केली त्या दिवशी कामगारांची एक पाळी आतच राहिली, मुकादम हजेरी घ्यायला विसरला, आणि ती माणसं अजून खणतायत. फक्त आता आडवं नाही, वर. फरशीला कान लावला तर टकटक ऐकू येते म्हणे. आता फरशीला कान लावून बसायला लोकांना वेळ कुठून मिळतो हे मला कधी कळलेलं नाही, पण मिळतो खरा.

ह्या टकटकीशी एकतीस वर्षं ज्याची गाठ पडली तो भुयाराचा पाहणीदार. वर्षातून दोनदा खाली उतरायचं, भिंती बघायच्या, वहीत लिहायचं, हे त्याचं काम. आणि उरलेलं वर्ष वरच्या लोकांची समजूत घालायची. कुणाच्या न्हाणीघरात आवाज आला, कुणाचा पलंग थरथरला, की खात्यात अर्ज यायचा आणि अर्जामागोमाग पाहणीदार जायचा. गुडघे टेकून फरशीला कान लावायचा, उठताना गुडघ्यांना शिव्या घालायचा आणि म्हणायचा, "काही नाही. नळात हवा आहे." नाहीतर, "काही नाही. घुशी आहेत." इतक्या वेळा म्हटलं की लोकांनी त्याचं नावच काहीनाही ठेवलं. तो दिसला की पोरंसुद्धा ओरडायची, "काहीनाही आले हो!" पहिली दहा वर्षं त्याला राग यायचा. मग रागाचाही कंटाळा आला. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला चार महिने उरलेले असताना, त्याला फक्त थकवा यायचा. सकाळी उठतानाच यायचा.

भुयाराच्या सहाव्या कमानीच्या बरोबर वर एक अरुंद गल्ली होती आणि तिच्यात त्याची थोरली बहीण राहायची. नवरा गेल्यावर ताईनं पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकलं आणि स्वतःचं स्वतः निभावलं. कुणापुढं हात पसरला नाही, भावापुढंही नाही. आई गेली तेव्हा पाहणीदार नऊ वर्षांचा होता. त्याला शाळेत पाठवणं, धोपटणं, जेवायला घालणं, सगळं ताईनंच केलं. म्हणून खालची पाहणी संपली की तो आधी तिच्याकडं जायचा. ती चिखलाचे बूट बाहेर काढायला लावायची, चहा टाकायची आणि विचारायची, "काय रे छोट्या, खाली सगळं ठीक?"

"काही नाही गं, ताई."

झालं. ताईपुरता विषय संपला. गल्लीत टकटकीवरून कुणी तोंड उघडलं की ती यंत्र न थांबवता म्हणायची, "माझा भाऊ खाली जाऊन येतो. तुम्ही गेलात का कधी?" ह्यावर कोण काय बोलणार!

आता काचपट्टीचं सांगायला हवं, कारण घोडं तिथंच पेंड खातंय. भिंतीला तडा गेला, तर तो जुना, निजलेला तडा आहे की अजून हलतोय, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तड्यावर आडवी, बोटभर रुंद काचेची पट्टी बसवायची. दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची आणि वर रंगानं तारीख घालायची. काच ताणत नाही. भिंत केसभर हलली तरी मोडते. पट्टी मोडली की धावत वर यायचं आणि साहेबांना सांगायचं. असं पुस्तकात लिहिलंय.

खात्याची रीत मात्र वेगळी पडली होती. वहीत पट्ट्यांचा रकाना होता आणि त्यात 'शाबूत' नाहीतर 'बदलली' एवढंच लिहायची चाल होती. पट्टी मोडलेली दिसली की ती खरवडून खाली टाकायची, नवी लावायची, नवी तारीख घालायची आणि 'बदलली' लिहून मोकळं व्हायचं. ओलीनं सुटली असेल, घुशीनं धक्का दिला असेल. आधीचा पाहणीदार असंच करायचा, त्यानं ह्याला असंच शिकवलं. वही तपासणारा तरी काय बघायचा? भिंतीवरची पट्टी धड आहे ना? धड आहे. अरे, कालच लावलेली पट्टी धड नसून जाते कुठे!

त्या खेपेची पाहणी शनिवारी झाली. सहाव्या कमानीतली पट्टी मोडलेली होती. त्यानं बदलली, वहीत लिहिलं, ताईकडं चहा घेतला, घरी गेला. घरी गेल्यावर कळलं की वाचायचा चष्मा खालीच राहिला. तो आणायला म्हणून बुधवारी सकाळी तो पुन्हा उतरला. चष्मा विसरला नसता तर सहा महिन्यांनी दुसराच कुणी उतरला असता, म्हणजे उतरायला काही उरलं असतं तर.

चष्मा कमानीच्या कट्ट्यावर होता. त्यानं तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि बॅटरीचा झोत सहज भिंतीवर टाकला. शनिवारची पट्टी मधोमध मोडली होती. त्याच्याच हातची तारीख, आकडा अलीकडे, महिना पलीकडे, आणि मधे करंगळी जाईल एवढी फट. त्यानं खरंच करंगळी घालून बघितली. गेली.

तो मागं सरकला तशी बुटाखाली काच कुरकुरली. तिथं काच कुरकुरायचीच, इतकी वर्षं तो तिच्यावरून चालत आला होता. आज मात्र तो खाली बसला आणि चिखलात हात घातला. तुकडा निघाला. पँटला पुसला, तर त्याच्यावर तारीख, त्याच्याच अक्षरात. मग दुसरा निघाला, मग तिसरा. बोट कापलं तरी तो चाचपत राहिला. सात पट्ट्यांचे तुकडे निघाले. त्यानं ते कट्ट्यावर ओळीनं मांडले. पहिल्या दोन तारखांत चार वर्षांचं अंतर होतं. पुढच्या दोहोंत तीन. मग दोन, मग आणखी कमी, शेवटी सहा महिने. आणि भिंतीवरची ही आठवी चार दिवसही टिकली नव्हती.

बारा वर्षं भिंत सरकत होती आणि बारा वर्षं भिंत ते त्याला सांगत होती. तो प्रत्येक खेपेला एकच पट्टी बघत होता. सात एका ओळीत त्यानं कधी बघितल्याच नव्हत्या. त्याला भीती थोडी वाटली आणि लाज जास्त.

तुकडे रुमालात बांधून, तो तसाच चिखलाच्या बुटांनी साहेबांसमोर उभा राहिला. साहेब त्याच्या निम्म्या वयाचे.

"सहाव्या कमानीवरची गल्ली आजच्या आज रिकामी करायला हवी, साहेब."

साहेबांनी वही मागवली आणि मागं मागं पानं उलटली. "शाबूत, बदलली, शाबूत, बदलली. ह्यात धोका कुठं लिहिलाय?"

"लिहिला नाही."

"का नाही?"

"तशी रीत होती."

साहेबांनी वही मिटली. "हे बघा, आज तुम्ही धोका लिहिलात की उद्या मला वर सांगावं लागेल, बारा वर्षं आपण काय करत होतो ते. तुमचे चार महिने राहिलेत. कशाला अंगाशी आणून घेताय? सोमवारी समितीची बैठक आहे. ठेवू तिच्यात."

"सोमवारपर्यंत भिंत राहील का?"

"इतकी वर्षं राहिली ना?"

माणूस वाईट नव्हता हो. जबाबदारी समोर आली की खुर्ची जरा मागं घ्यायची, एवढीच सवय. पाहणीदारालाही ती सवय होती, त्यामुळं त्याला बोलायला जागा नव्हती.

दुपारी तो गल्लीत गेला आणि पहिल्याच घरापासून सांगत सुटला. पहिल्या घरातला माणूस पोट धरून हसला. "अहो, तुम्हीच ना म्हणालात काही नाही म्हणून?"

"आता आहे. तडा हललाय."

"किती?"

"करंगळीएवढा."

"माझ्या मोरीत अंगठ्याएवढा आहे. आजोबांच्या वेळेपासून. त्याला आम्ही आता घरातलाच समजतो."

तिसऱ्या घरातल्यानं डोळे बारीक केले. "जागेवर कुणाचा डोळा आहे? खरं सांगा, कुणी पाठवलं तुम्हाला?"

सात पट्ट्यांचं सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं असतं. रुमाल खिशातच होता. पण तो सोडायला त्याचा हात होईना. एकतीस वर्षं दारोदार फिरून ज्यांना धीर दिला, त्यांच्यासमोर उभं राहून 'मी बघितलं आणि टाकून दिलं' म्हणायचं, हे त्याच्यानं झालं नाही. तो नुसता "निघा, निघा" करत राहिला आणि लोक हसत राहिले. पाचव्या घराशी त्यानं हात टेकले.

तेवढ्यात इस्त्रीवालीनं हाक मारली. गल्लीच्या तोंडाशी तिचं टेबल. राहिलेल्या पाळीची सगळी खबरबात तिच्याकडं. पाळीत किती माणसं, त्यातला लंगडा कोण, सगळं. पाहणीदाराचं आणि तिचं वर्षानुवर्षांचं वाकडं.

"काहीनाही, इकडं या," ती हळूच म्हणाली. "तोंड बघा कसं झालंय. मला एक खरं सांगा. ती माणसं वर आलीत ना?"

पाहणीदारानं तिच्याकडं बघितलं. त्याचे पाय भरून आले होते आणि डोकं बधिर झालं होतं. भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"अगं बाई! तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. सहाव्या कमानीच्या छताला लागलेत. उद्यापर्यंत वर येतील."

इस्त्री कुणाच्या तरी बाहीवर तशीच राहिली आणि धूर निघाला. इस्त्रीवाली केव्हाच गल्लीत पळाली होती.

मग काय सांगावं! तडा म्हटल्यावर जे जागचे हलले नव्हते, ते आता चपला शोधत होते. इस्त्रीवालीनं सांगितलं असतं तर हसले असते, पण हे काहीनाहीनं सांगितलं होतं. ज्यानं एकतीस वर्षं नाही म्हटलं तोच आहे म्हणतोय, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं! गाद्या निघाल्या, कुकर निघाले, एकाची शिडी निघाली. अंगठ्याएवढ्या तड्याला घरातला समजणारे गृहस्थ सगळ्यांत आधी टेम्पोत चढून बसले होते, मांडीवर घड्याळ घेऊन. पाहणीदार विजेच्या खांबाला टेकून बघत राहिला. त्याला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. खरं सांगितलं तेव्हा एक माणूस उठला नाही.

ऊन कलेपर्यंत गल्ली ओस पडली. तो एकेका दाराचं कुलूप बघत गेला. पाच दारांना कुलपं होती. सहाव्या घरातून यंत्राचा आवाज येत होता.

"ये," ताई वर न बघता म्हणाली. "बूट काढ आधी."

"ताई, ऊठ. माझ्या घरी चल."

"का? ह्या येड्यांसारखी मीही पळू? कमाल झाली बाई लोकांची. म्हणतात, तूच सांगितलंस. मी म्हटलं, माझा भाऊ असलं बोलणारच नाही. त्या इस्त्रीवालीशी कडाकडा भांडले मी. हाताला धरून ओढत होती मला. हाकलून दिलं."

"मीच सांगितलं, ताई."

यंत्र थांबलं. "थट्टा केलीस?"

"गल्ली रिकामी व्हावी म्हणून सांगितलं."

"म्हणजे खाली माणसं नाहीत?"

"माणसं कसली? नाहीत."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. "सोमवारी शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत. तेवीस झालेत. बस, चहा टाकते."

त्याला वाटलं, उचलून न्यावं हिला. लहानपणी ती त्याला न्यायची तसं, काखेत मारून. पण ताईला कुणी उचलून नेल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. तिला हलवायला एकच गोष्ट उरली होती. सगळ्या गल्लीला जे सांगायला जीभ रेटली नाही, ते आता हिला सांगायचं होतं. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि यंत्राच्या पाटावर सोडला.

"ह्या काय काचा?"

त्यानं सांगितलं. पट्टी कशासाठी असते ते. मोडली तर काय करायचं असतं ते. आणि त्यानं काय केलं ते. मधे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ताईनं एकेक तुकडा उचलला आणि डोळ्यांजवळ नेऊन तारीख वाचली. चौथ्या तुकड्याशी ती अडली.

"ह्या महिन्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पंधरा दिवस ह्याच खोलीत पडून होते मी."

"हो."

"तू रोज यायचास."

"हो."

"आधीची मोडलेली बघून ही लावून आला होतास?"

"बघून आलो होतो. पण मला कळलं नाही गं, ताई. आईशप्पथ कळलं नाही."

"मोडली, एवढं तर कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग?"

ताईनं तुकडे पुन्हा ओळीनं लावले. "सात वेळा," ती म्हणाली. "सात वेळा खालून वर आलास आणि सातही वेळा माझ्या हातचा चहा प्यायलास. मी लोकांशी भांडत होते रे. तुझ्या शब्दावर."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चपलेनं मारलं असतं तरी त्याला चाललं असतं. ती उठली आणि गणवेशांच्या घड्या घालू लागली. तेवीस शिवलेले, सतरा नुसते कापलेले. आधी दुसऱ्यांचं सामान बांधलं. मग स्वतःच्या दोन साड्या, औषधं, कात्री. यंत्राकडं एकदा बघितलं आणि तसंच ठेवलं. दाराच्या उंच पायरीशी त्यानं हात पुढं केला. तिनं भिंत धरली आणि उतरली.

गल्लीच्या तोंडाशी शेवटचा टेम्पो अजून थांबलेला होता. आत गाद्यांवर इस्त्रीवाली बसली होती आणि ड्रायव्हर तिच्या नावानं बोटं मोडत होता. पाहणीदाराला वाटलं होतं, ताई त्याच्याबरोबर येईल. पण ती टेम्पोशी गेली, गणवेशांचं गाठोडं वर दिलं आणि वर चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पाचवं, सहावं आणि सातवं अशी तीन घरं खाली बसली. बाकीच्यांच्या भिंती फाटल्या. माणूस एकही दगावला नाही. धूळ खाली बसायच्या आत शहरभर झालं की राहिलेली पाळी वर आली. लंगडा सगळ्यांत शेवटी निघाला म्हणे. दोघांनी तर त्याला विडी दिली.

साहेबांनी पाहणीदाराला खोलीत बोलावून घेतलं. "नशीब म्हणायचं, अफवा वेळेवर उठली. आता त्या काचांचं वगैरे कुणाजवळ बोलू नका."

पाहणीदारानं वही उघडली. सात तारखा एकाखाली एक लिहिल्या, प्रत्येकीपुढं 'मोडली' लिहिलं, खाली सही केली आणि वही साहेबांसमोर सरकवली. त्याला वाटलं होतं, लिहिल्यावर जरा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

तिथून तो इस्त्रीवालीच्या भाचीच्या घरी गेला. एका खोलीत चार बायका आणि दोन पोरं. ताई खिडकीशी बसून हातानं गणवेशाला काज करत होती. इस्त्रीवाली त्याला बघून उठली आणि पोरांना घेऊन बाहेर गेली.

"ताई, घरी चल. मागची खोली रिकामी करून ठेवलीय. तुझी भावजय वाट बघतेय."

"नको."

"इथं कशी राहशील तू? दाटीवाटीत? दिवसभर भुताखेतांच्या गोष्टी ऐकवेल ती तुला. एक शब्द खरा नसतो तिचा."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "पण तिला भीती वाटली की ती आधी माझ्या दाराशी येते, छोट्या."